अनुदान मिळालं, पण पाणी कुणी मोजलं? सिंचन योजनांवर वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात आम्ही सिंचनाच्या सरकारी योजनांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. बहुतेक पत्रांचा सूर एकच, कुठल्या योजनेत किती पैसे मिळतात. ते सांगतोच, पण पैशाबरोबर पाण्याचा हिशोब कुणी विचारला नाही तरी मी तो काढणार आहे, कारण त्याच्याशिवाय या अनुदानांचा काही उपयोग होत नाही असं माझं ठाम मत झालंय.

प्रश्न: आमच्या गावात जलयुक्त शिवारची बरीच कामं झाली, नाला खोलीकरण, सिमेंट बंधारे, सगळं. पहिली दोन वर्षं विहिरींना पाणी दिसलं, आता परत फेब्रुवारीतच विहिरी तळाला जातात. एवढा सरकारी पैसा गेला कुठे? (एक शेतकरी, बीड जिल्हा)

दादा, पैसा बंधाऱ्यातच आहे, आणि पाणीही बहुतेक तिथे अडलंच असणार. पण अडलेलं पाणी किती आणि गावाने उपसलं किती, हे कुणी मांडलं होतं का? जलयुक्त शिवार ही राज्याची पाणी अडवायची-जिरवायची योजना डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा गावाचा पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी आलं किती आणि लागतं किती याचा हिशोब, करायचा आणि मग कामं ठरवायची असंच कागदावर होतं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी कामं आधी आणि ताळेबंद नंतर, तोही फाईल पूर्ण करायला. २०२० मध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचा अहवाल आला त्यात ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढायला फारशी मदत झाली नाही असं म्हटलं होतं. त्यावर राजकारण भरपूर झालं, पण गावात बसून हिशोब करायचं काम तसंच राहिलं.

हिशोब अवघड नाहीये, चौथी-पाचवीच्या गणिताचा आहे, करून बघू. समजा गावाचं शिवार १,००० हेक्टर आणि पाऊस पडला ५०० मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की १० घनमीटर, म्हणजे १० हजार लिटर पाणी होतं. मग ५०० मिमी गुणिले १० गुणिले १,००० हेक्टर, म्हणजे ५० लाख घनमीटर. आकडा ऐकून वाटतं आपण श्रीमंत आहोत. पण यातलं निम्म्याहून जास्त माती आणि पिकं आणि ऊन घेऊन जातं, काही वाहून जातं, आणि आपल्याकडच्या काळ्या पाषाणात मुरतं किती तर ढोबळमानाने दहा टक्के धरा. म्हणजे विहिरींच्या वाट्याला ५ लाख घनमीटर. त्यातून आधी पिण्याचं काढा, दोन हजार लोकसंख्या असेल आणि माणशी रोज ५५ लिटर धरलं तर वर्षाला ४० हजार घनमीटर, जनावरांचं वेगळं. उरलं साधारण साडेचार लाख.

आता यात काय पिकतं बघा. हरभऱ्याला हेक्टरी अडीच हजार घनमीटर धरलं तर १८० हेक्टर हरभरा येतो. गव्हाला साडेचार हजार धरलं तर १०० हेक्टर. उसाला पाटाने दिलं तर २० हजार घनमीटरच्या खाली भागतच नाही, तेव्हा ऊस फक्त २२ हेक्टर, आणि मग बाकी कुणालाच काही नाही.

बंधाऱ्यांचं पण असंच. एक बरा सिमेंट बंधारा एकदा भरला की समजा १० टीसीएम, म्हणजे १० हजार घनमीटर. पावसाळ्यात तीनदा भरला आणि मुरला तर ३० हजार. लाखो रुपये खर्चून बांधलेल्या त्या एका बंधाऱ्याचं वर्षभराचं सगळं पाणी दीड हेक्टर उसात संपतं. तुमच्याकडे पहिल्या दोन वर्षांत पाणी दिसलं म्हणजे कामं वाईट नव्हती, उलट पाणी दिसलं म्हणून नवीन बोअर पडले असतील, मोटारी वाढल्या असतील, कुणी ऊस केला असेल. मी हे अंदाजाने लिहितोय, तुमचं गाव मी पाहिलेलं नाही, पण तुम्हीच जरा आठवून बघा की बंधारे झाल्यानंतर शिवारात बोअर किती वाढले.

हिवरे बाजारचं नाव सगळे घेतात, तिथले बंधारे बघायला गाड्या भरून लोक जातात. पण तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे, ऊस-केळीला बंदी आहे, आणि दरवर्षी पाऊस संपला की ग्रामसभेत ताळेबंद मांडून रब्बीचं ठरतं, हे बघून येणारे आणि आपल्या गावात करणारे फार थोडे. बंधाऱ्याला निधी मिळतो, बंदीला मिळत नाही, ती गावालाच करावी लागते.

प्रश्न: आमची सव्वा हेक्टर जमीन आहे, डाळिंब आहे, ठिबक बदलायचं आहे. ८० टक्के अनुदान मिळतं असं दुकानदार म्हणतो, खरं का? आणि ठिबकने खरंच पाणी वाचतं का, कारण आमच्या शेजाऱ्यांनी ठिबक केल्यावर त्यांची मोटार उलट जास्त चालते. (एक ताई, सांगोला तालुका)

ताई, ८० टक्के बरोबर आहे, पण कशाच्या ८० टक्के ते समजून घ्या. केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ मध्ये अल्प आणि अत्यल्प भूधारकाला, म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला, ५५ टक्के आणि बाकीच्यांना ४५ टक्के. त्यावर राज्य सरकार मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून २५ आणि ३० टक्के पूरक देतं, म्हणून ८० आणि ७५ होतात. पण हे टक्के सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर असतात, दुकानदाराच्या बिलावर नाही. दोन लॅटरलमधलं, म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळ्यांमधलं, अंतर कमी तसा हेक्टरी मापदंड जास्त, अंतर वाढलं की कमी. डाळिंबाचं अंतर जास्त असतं, तेव्हा तुमच्या अंतराला मापदंड किती ते आधी कृषी सहायकाकडून लिहून घ्या, आणि बिल त्याच्या वर जात असेल तर वरचे पैसे पूर्ण तुमच्या खिशातले.

दुसरं, पूर्वसंमती आल्याशिवाय एक मीटर पण पाइप विकत घेऊ नका, आधी घेऊन नंतर अर्ज केला की प्रकरण अडकतं. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर, फार्मर आयडी लागतो, बँक खातं आधारला जोडलेलं लागतं. त्याच जमिनीवर आधी अनुदान घेतलेलं असेल तर सात वर्षं झालेली पाहिजेत, तुम्ही ‘बदलायचं’ म्हणता म्हणून हे मुद्दाम सांगतोय, जुनी तारीख तपासा. आणि अनुदान खात्यावर यायला वेळ लागतो, हे धरूनच उसनवारी करा, कारण या उशिरामुळे माणसं सावकाराकडे गेलेली आहेत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो जास्त मोलाचा आहे. पाटपाण्यात दिलेल्या पाण्यापैकी मुळाला जेमतेम निम्मं लागू होतं, ठिबकमध्ये ९० टक्क्यांपर्यंत होतं. म्हणजे त्याच झाडांना निम्म्याच्या आसपास पाणी पुरायला पाहिजे. पण शेजाऱ्यांनी काय केलं असणार, वाचलेल्या पाण्यावर अजून एक एकर बाग लावली. त्यांच्या बाजूने बघितलं तर शहाणपणाच आहे, कर्ज फेडायचंय, मुलांची शिक्षणं आहेत. पण गावच्या पाण्याच्या बाजूने बघितलं तर आणखी एक गोष्ट घडते. पूर्वी पाटाने दिलेलं जास्तीचं पाणी सगळं वाया जात नव्हतं, त्यातलं काही जमिनीत मुरून परत त्यांच्याच किंवा खालच्या विहिरीत येत होतं. ठिबकने ते मुरणं बंद, आणि वाचलेलं पाणी नव्या एकराने पिऊन टाकलं. एकूण जमिनीतून जाणारं पाणी वाढलं, कमी नाही झालं.

म्हणून ठिबक वाईट असं अजिबात म्हणत नाही, तुम्ही जरूर करा, खत वाचतं, मजुरी वाचते, तण कमी येतं, माल एकसारखा येतो. फक्त पाणी वाचवायचं असेल तर बागेचं क्षेत्र आहे तेवढंच ठेवा. सरकारने अनुदान देताना क्षेत्राची अट घालावी असं मला फार वाटतं, पण वरून अट घालून भागत नाही हेही आपण पाहिलंय. २०१७ मध्ये राज्याने उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचं करायचा निर्णय घेतला होता, शेतकऱ्याला दोन टक्के व्याजाने कर्ज आणि बाकीचं व्याज सरकार आणि कारखान्याने भरायचं अशी सोयही होती. आज ऊस पट्ट्यातून एक चक्कर मारा, पाटाने भिजणारा ऊस किती आहे ते डोळ्यांनी दिसेल.

प्रश्न: आम्ही कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म भरतो, पट्टी भरतो, पण वरची गावं आपली दारं बंद करत नाहीत आणि आमच्यापर्यंत पाणी येईस्तोवर आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, संपतं. कालव्याच्या अस्तरीकरणाला निधी कसा मिळवावा? (पाच शेतकऱ्यांची सही, अहिल्यानगर जिल्हा)

अस्तरीकरण झालं, म्हणजे कालव्याला आतून सिमेंटचा थर दिला, तर गळती कमी होईल, हे खरं. पण वरच्या माणसाने दार उघडं ठेवलं तर सिमेंटच्या कालव्यातूनही पाणी तुमच्याकडे येणार नाही. तुमची अडचण मला निधीपेक्षा मोजणीची जास्त वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महाराष्ट्रात २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्यात पाणी वापर संस्था केली की संस्थेला पाणी एकरावर नाही तर घनमीटरवर मिळतं, एकदम ठोक. मग त्या पाण्यात कुठलं पीक घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, सभासदांना पट्टी किती लावायची तेही तुम्हीच. संस्थेच्या तोंडाशी मोजमापाची जागा असते, पट्टीवर पाण्याची उंची वाचायची आणि तक्त्यावरून प्रवाह काढायचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर. तो चोवीस तास चालला तर साडेचोवीस लाख लिटर होतात, म्हणजे साधारण २,४५० घनमीटर. एका पाळीत शेतात ७५ मिलिमीटर पाणी द्यायचं धरलं तर एक क्युसेक दिवस-रात्रीत सव्वातीन हेक्टर भिजवतो. वरच्या गावाला दोन क्युसेक चार दिवस सोडले आणि तेवढ्यात २६ हेक्टर भिजायला पाहिजे होतं तिथे १५ च भिजलं, तर पाणी कुठे मुरलं हे तुम्ही बैठकीत वही उघडून विचारू शकता. वही नसेल तर नुसतं भांडण होतं.

हे होतं का? नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे, कोळवण नदीवर. त्याच्या कालव्याच्या शेपटाला ओझर. तिथेही तुमच्यासारखंच, पाणी पोचायचं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ओझरला तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या आणि पाणी मोजून घ्यायला लागले. टेलवाले मोजून घेतात आणि त्यांचं भागतं हे बघून मधल्या आणि वरच्या गावांनीही संस्था केल्या, चोवीस संस्था झाल्या, त्यांचा प्रकल्प पातळीवर संघ झाला आणि धरणाच्या पाण्याचं वाटप शेतकरीच करायला लागले. पाणी नाल्यात सोडून बंधारे भरायचे आणि विहिरी जिवंत ठेवायच्या, मग बागेला विहिरीचं पाणी ठिबकने द्यायचं, हा त्यांनी बसवलेला मेळ मला सगळ्यात आवडतो, कारण कालवा, विहीर आणि ठिबक तिन्हीचा हिशोब एकाच वहीत आला.

निधीचं म्हणाल तर केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये लाभक्षेत्र, म्हणजे कालव्याखाली भिजणारी जमीन, विकासाच्या आधुनिकीकरणाची नवी योजना मंजूर केली, सुरुवातीला १,६०० कोटींची. कालव्यापासून शेतापर्यंत बंद पाइपातून, एक हेक्टरच्या तुकड्यापर्यंत दाबाचं पाणी, असं तिचं स्वरूप आहे, आणि ही सगळी मालमत्ता चालवायची ती पाणी वापर संस्थांनी. म्हणजे संस्था कागदावर नाही तर खरी चालू असेल तर तुमचा नंबर लागायची शक्यता. तेव्हा आधी संस्था जिवंत करा, शाखा अभियंत्याकडे लेखी मागणी करा की आमच्या चारीवर मोजमाप यंत्र बसवा आणि पाळी टेलकडून हेडकडे, म्हणजे कालव्याच्या तोंडाकडे, लावा. टेल आधी हा नियम काही नवीन नाही, पाळला जात नाही एवढंच.

प्रश्न: शेततळ्याला कागद टाकून बोअरचं पाणी भरून ठेवलं तर चालतं का? सगळेच करतात. (जालना)

सगळे करतात, आणि म्हणूनच गावं कोरडी पडतायत. तुमच्यावर राग नाही, एका माणसाची सोय म्हणून ते बरोबरच दिसतं. मागेल त्याला शेततळे २०१६ मध्ये आलं तेव्हा अनुदान ५० हजारांपर्यंत होतं, आता शाश्वत सिंचन योजनेत ७५ हजारांपर्यंत मिळतं, आणि या पैशामागचा हेतू एकच होता, वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवायचं आणि खंड पडला की एखादं संरक्षित पाणी द्यायचं. बोअरचं पाणी वर काढून भरलं तर तुम्ही सावलीतलं पाणी उन्हात आणून ठेवता. तीस बाय तीस मीटरचं तळं म्हणजे ९०० चौरस मीटर, उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर जरी उडालं तरी रोज ७,२०० लिटर हवेत. महिन्याला दोन लाख लिटरच्या वर. खाली खडकात होतं तेव्हा यातलं काहीच जात नव्हतं, आणि ते तुमच्या एकट्याचं पण नव्हतं, शेजारच्या विहिरीचा झरा पण तोच. आपल्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या खाली शेतीसाठी खोल विहीर घ्यायला मनाई आहे, म्हणजे सुमारे २०० फूट, आणि आज बोअरची गाडी किती फुटांवर थांबते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

फळबाग जगवायला दुसरा मार्गच नसेल तर निदान पावसाळ्यात ओढ्याचं वाहतं पाणी भरा, आणि तळ्यावर शेडनेट टाका.

प्रश्न: सौर पंप घेऊ का? (लातूर)

घ्या. दिवसा पाणी देता येतं, रात्रीचं सापाकिरड्याचं भय जातं. तुमचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. पण ऊन फुकट आणि विजेचं बिलही नाही, त्यामुळे मोटार बंद करायचं कुठलंच कारण माणसाला उरत नाही. विहिरीत ठराविक पातळीची खूण करा आणि त्याच्या खाली गेलं की थांबायचं असं घरात ठरवून टाका.

प्रश्न: मी कृषी पदवीला आहे. सरकारचा सिंचनावरचा पैसा पुरवठा वाढवण्यावर जातो की मागणी आवरण्यावर? मागणी आवरायला पैसा दिल्याचं एखादं उदाहरण आहे का? (विद्यार्थिनी, पुणे)

फार चांगला प्रश्न. मोठा पैसा पुरवठ्यावरच जातो. २०१६ मध्ये केंद्राने देशातले ९९ रखडलेले प्रकल्प पूर्ण करायला निवडले, त्यातले २६ एकट्या महाराष्ट्रातले, आणि त्यासाठी नाबार्ड या शेतीच्या राष्ट्रीय बँकेत वेगळा दीर्घकालीन सिंचन निधी केला. ते चुकीचं नव्हतं, वर्षानुवर्षं अर्धवट पडलेली धरणं पूर्ण व्हायलाच पाहिजेत.

मागणीच्या बाजूने बघायचं तर अटल भूजल योजना वाच. ६,००० कोटींची, निम्मा पैसा जागतिक बँकेचा, सात राज्यांत, महाराष्ट्र त्यातलं एक. हिची रचना अशी की राज्याला पैसा बांधकामावर नाही तर निकालावर, म्हणजे भूजलाचे आकडे लोकांसाठी उघडे केले का, गावाने जलसुरक्षा आराखडा केला का, पातळी घसरायची थांबली का, असं बघून. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आयआयटी मुंबईच्या मदतीने गाववार ताळेबंद काढायची पद्धत बसवली, तीही अभ्यासण्यासारखी आहे.

पण मला विचारशील तर सगळ्यात धाडसी उदाहरण पन्नास वर्षांपूर्वीचं आणि तुझ्याच जिल्ह्यातलं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत सुरू केली. पाणी उपसून शेतात न्यायच्या योजनेच्या खर्चात २० टक्के शेतकऱ्यांनी घालायचे, ५० टक्के सरकारी अनुदान, उरलेले ३० टक्के साळुंखे यांची संस्था ग्राम गौरव प्रतिष्ठान बिनव्याजी देणार. आणि अटी अशा की पाणी जमिनीवर नाही तर माणसावर, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. उसाला पाणी नाही. सरकारी पैसा आला तरी तो या नियमांच्या आत आला, म्हणून वीस एकरवाला आणि तीन एकरवाला एका पाळीत बसले.

प्रबंधासाठी विषय शोधत असशील तर नायगावला जा, आणि जुन्या सभासदांकडून पाळ्यांच्या वह्या बघायला मिळतात का ते विचार. जायचंच तर ऑक्टोबरमध्ये जा, तेव्हा पाऊस संपलेला असतो, रब्बीची पेरणी तोंडावर असते, आणि विहिरीत किती पाणी आहे आणि त्यात काय पेरायचं यावर गावात मोकळेपणाने बोलणारी माणसं भेटतात.